सगळंच एकदम अंगावर आलं की सुरुवात कुठून करायची

काही दिवस असे येतात की कामं ढीगभर असतात आणि हात मात्र एकालाही लागत नाही. फाइल उघडायची, बंद करायची, मध्येच फोन चाळायचा, आठवलं म्हणून तिसरंच काहीतरी अर्धवट करून ठेवायचं. संध्याकाळी बघावं तर हाती काही नाही आणि थकवा मात्र दिवसभर राबल्यासारखा. अशा वेळी आपण स्वतःवर आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होतो. पण आळशी माणसाला न झालेल्या कामांचा असा घोर लागत नाही. तुम्हाला तो लागलाय, म्हणजे कामांची काळजी तुम्हाला आहेच. अडलंय ते दुसरीकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की उत्साह आधी आणि काम नंतर हा क्रम आपण गृहीत धरतो, पण बहुतेक वेळा तो उलटा असतो. काम थोडं सरकलं की उत्साह मागून येतो. आणि काम सरकत नाही, कारण डोक्यात ते काम म्हणून बसलेलंच नसतं, नुसती धास्ती म्हणून बसलेलं असतं. ती धास्ती सुटी करून करता येण्याजोग्या कामात कशी आणायची, ते पुढे क्रमाने सांगते. पहिल्या तीन पायऱ्या एकाच बैठकीत कराव्यात, तासभर पुरतो. बाकीच्या सवडीने.

पहिली पायरी: आधी शरीर जागेवर आणा

छातीत धडधड, खांदे ताठ, श्वास वरच्या वर. या अवस्थेत नियोजन करायला बसू नका. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. अडचण अशी, की शरीराला समोर हिंस्र प्राणी आहे की उत्तर न दिलेले चाळीस ईमेल आहेत, यातला फरक फारसा कळत नाही. तयारी तीच. आणि अशा तयारीत असलेलं डोकं बारकाईने विचार करू शकत नाही. त्याला सगळंच सारखंच तातडीचं दिसतं.

उपाय साधा आहे. नाकाने श्वास घ्या, तो पूर्ण झाल्यासारखा वाटला की त्यावरच आणखी थोडा आत ओढा, आणि मग तोंडाने सावकाश, शक्य तितका लांब सोडा. पाच मिनिटं हेच करत राहा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं हा लांब उच्छ्वासाचा सराव केला आणि त्यांची मनःस्थिती नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. श्वासाकडे लक्ष दिलं की अस्वस्थता वाढते असं काहींच्या बाबतीत होतं; त्यांनी दहा मिनिटं भराभर चालून यावं. पाणी प्या. जेवण झालं नसेल तर आधी जेवा. उपाशीपोटी घेतलेले आयुष्याबद्दलचे निष्कर्ष फारसे मनावर घेऊ नयेत.

दुसरी पायरी: डोक्यातलं सगळं कागदावर

आता एक कोरा कागद घ्या. फोनवर लिहू नका. फोन उघडला की लिहिणं राहतं आणि भलतंच सुरू होतं. डोक्यात येईल ते येईल त्या क्रमाने लिहा. ऑफिसचं, घरचं, पैशांचं, तब्येतीचं, नात्यांचं, सगळं. 'गळका नळ' आणि 'पुढे करिअरचं काय' या दोन ओळी एकाखाली एक आल्या तरी बिघडत नाही. आता महत्त्व ठरवायचं नाही, क्रम लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत ओघ आटतो. मग दोन मिनिटं नुसते बसून राहा. सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा या दोन मिनिटांतच वर येतात.

याची गरज का, तर एका वेळी मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता फारच लहान आहे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती साधारण चार गोष्टींइतकी असल्याचं मांडलं. पाचवी शिरली की आधीची एखादी निसटते, मग ती निसटू नये म्हणून मन तिला पुन्हा पुन्हा उगाळत बसतं. रात्री दोनला आठवणारी कामं हीच. अपुऱ्या कामांची मनाला अशी टोचणी लागून राहते, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच नोंदवलं होतं. त्याहून उपयोगाची गोष्ट २०११ मध्ये मॅसिकाम्पो आणि बॉमायस्टर या दोघांनी दाखवली: टोचणी थांबायला काम पूर्णच व्हायला हवं असं नाही. ते केव्हा, कुठे आणि कसं करणार हे पक्कं ठरवलं, तरी मन त्या कामाचा पिच्छा सोडतं. म्हणजे आज रात्री शांत झोप लागण्यासाठी सगळं उरकण्याची गरज नाही. सगळं कुठेतरी लिहिलेलं आणि मार्गी लागलेलं हवं.

तिसरी पायरी: छाटणी

बहुतेक सल्ले इथे थेट 'वेळेचं नियोजन' या विषयावर उडी मारतात. मला ते पटत नाही. आधी हे विचारायला हवं, की कागदावरचं हे सगळं एका माणसाला मुळात झेपण्यासारखं आहे का? रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाची जी मांडणी केली, ती इथे कामाला येते. अंगावर आलेली मागणी आपल्या हाताशी असलेल्या बळापेक्षा जास्त आहे असं वाटणं, म्हणजे ताण. मग वाटा दोनच उरतात: मागणी कमी करा, नाहीतर बळ वाढवा. आपण दरवेळी तिसरीच धरतो. आहे तेवढ्याच बळात आणखी जोर लावतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे या चारांपैकी एक खूण करा: माझं आणि या आठवड्यातलं; माझं, पण नंतरचं; दुसऱ्याचं; कोणाचंच नाही.

'कोणाचंच नाही' हा गट आधी भरा. दोन वर्षांपूर्वी हौसेने सुरू केलेला आणि आता फक्त अपराधी वाटायला लावणारा कोर्स, कोणी न सांगता स्वतःवर ओढवून घेतलेली जबाबदारी, वाचायच्या राहिलेल्या लेखांची थप्पी. खोडून टाका. खोडताना थोडं वाईट वाटतं, ते वाटू द्या.

'दुसऱ्याचं' हा गट अवघड, कारण इथे बोलावं लागतं. बोलणं जमत नाही म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं दुसऱ्याची कामं उरावर वाहतात. तेव्हा वाक्यं तयारच ठेवा. वरिष्ठांना: 'सर, या आठवड्यात माझ्याकडे ही तीन कामं आहेत. हे चौथं घेतलं तर यातलं कोणतं मागे ठेवू?' यात नकार नाही, पण निवड त्यांच्यावर जाते, आणि तुमच्या हातात आधीच काय आहे हे बहुधा त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. सहकाऱ्याला: 'आज जमणार नाही, गुरुवारी दुपारी अर्धा तास देऊ शकते.' घरच्यांना मात्र 'जरा मदत करत जा' असं मोघम बोलू नका. तशी मदत दोन दिवस होते आणि थांबते, शिवाय आठवण करून देण्याचं काम तुमच्याकडेच राहतं. अख्खं काम सोपवा: 'यापुढे बाबांच्या औषधांचं तू बघ. संपत आली की आणायची तूच, डॉक्टरांना विचारायचं तूच.' आणि सोपवलं की त्यात डोकावू नका. ते तुमच्यासारखं करणार नाहीत. करतील तेवढं पुरे माना.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्यांच्यावर एकटीने किंवा एकट्याने मुलं वाढवण्याची वेळ आहे, ज्यांना दोन ठिकाणी काम केल्याशिवाय भागत नाही, त्यांना 'छाटणी करा' म्हणणं फार सोपं असतं. त्यांच्या यादीत खोडण्यासारखं फारसं नसतं. तुमचं असं असेल तर निदान हे मनाशी पक्कं धरा, की दमछाक तुमच्या स्वभावातून आलेली नाही, भारच जास्त आहे. मग खोडण्याऐवजी दर्जा खाली आणा: काय 'छान' ऐवजी 'चालेल असं' केलं तरी निभावेल? घर थोडं पसरलेलं राहिलं, एखाद्या समारंभाला गेलं नाही, तर कोणाचं काही अडत नाही.

चौथी पायरी: उरलेल्या ओळी नीट लिहा

आता 'माझं आणि या आठवड्यातलं' या खुणेच्या ओळी बघा. समजा त्यात लिहिलंय: 'आईची तपासणी'. हे काम नाही, हा विषय आहे. ही ओळ दिसली की मनात एकाच वेळी दहा गोष्टी येतात: कोणते डॉक्टर, सुट्टी मिळेल का, जुने रिपोर्ट कुठे आहेत, आई ऐकेल का, आणि काही वाईट निघालं तर? म्हणून नजर त्या ओळीवरून घसरते, रोज घसरते, आणि रोज ती थोडी जड होत जाते.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातली हाताने करायची पहिली कृती कोणती? खुर्चीतून उठून मी नेमकं काय करणार? उत्तर येतं: कपाटातली निळी फाइल काढून मागच्या रिपोर्टवरचा दवाखान्याचा नंबर शोधणे. पाच मिनिटांचं काम. त्यानंतरचं: त्या नंबरवर फोन करून शनिवारची वेळ मागणे. तेही पाच मिनिटांचं. आईला कसं समजवायचं, हा प्रश्न वेळ मिळाल्यानंतरचा. रिपोर्टमध्ये काय निघेल हा तर आज तुमच्या हातातलाच नाही.

ओळीत क्रियापद असलं पाहिजे, ही कसोटी लावा. 'टॅक्स' नको, 'बँकेच्या साइटवरून वर्षभराचं स्टेटमेंट डाउनलोड करणे' हवं. 'व्यायाम' नको, 'बूट घालून कोपऱ्यापर्यंत चालून येणे' हवं. लिहिल्यावरही ओळ टाळावीशी वाटली, तर ती अजून मोठी आहे. आणखी तोडा. इतकी लहान करा की तिच्यासाठी मन तयार करावं लागणार नाही.

पाचवी पायरी: मूड नसताना सुरुवात

नैराश्यावरच्या उपचारात एक पद्धत आहे, तिला वर्तन-सक्रियन म्हणतात. पीटर ल्युइनसन यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला. त्यातला विचार असा: माणूस खचला की तो हालचाल, भेटीगाठी, कामं कमी करतो, त्यामुळे समाधान देणारे प्रसंगही कमी होतात, त्यामुळे तो आणखी खचतो. हे चक्र तोडायचं तर बरं वाटण्याची वाट न बघता ठरलेल्या लहान कृती करत राहायचं. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नैराश्य असलेल्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत विचार बदलण्याचं तंत्र बाजूला ठेवून नुसता हा कृतीचा भाग वापरला, आणि तो पूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. इतक्या खोल गेलेल्या माणसाला जे सावरू शकतं, ते रोजच्या कंटाळ्यालाही लागू पडतं.

करायचं असं. दहा मिनिटांचा गजर लावा आणि चौथ्या पायरीतली एकच कृती घ्या. गजर वाजल्यावर थांबायची पूर्ण मुभा आहे, आणि ही मुभा खरी असायला हवी; 'थांबता येईल' म्हणून स्वतःला बसवायचं आणि मग जबरदस्तीने दोन तास जुंपायचं, असं दोनदा केलंत की मन तिसऱ्यांदा फसणार नाही. बहुतेक दिवशी तुम्हालाच पुढे करावंसं वाटेल. नाही वाटलं तर दहा मिनिटांचं काम झालेलं आहेच.

सुरुवातीचा क्षण आधी ठरवून ठेवला तर आणखी सोपं जातं. 'उद्या सकाळी अभ्यास करेन' याऐवजी 'सकाळचा चहा संपला, की कप विसळून लगेच टेबलाशी बसून दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान उघडेन.' अशा 'हे झालं की ते करेन' पद्धतीच्या ठरावांचा अभ्यास पीटर गोलविट्झर यांनी केला. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ स्वतंत्र चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव करणारे लोक ठरवलेलं तडीस नेण्यात स्पष्टपणे पुढे होते. फोन मात्र त्या दहा मिनिटांत दुसऱ्या खोलीत ठेवा. मनोनिग्रहाच्या परीक्षा घेत बसण्यापेक्षा फोन लांब ठेवणं केव्हाही सोपं.

सहावी पायरी: दिवस भरून टाकू नका

दिवसाला तीन. त्यातलं एक महत्त्वाचं, दोन साधी. बाकी जे होईल ते वरकड.

तीनच म्हटल्यावर कमी वाटतं, कारण कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आपण नेहमीच कमी धरतो. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीच्या अंदाजाकडे लक्ष वेधलं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध पुरा करायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवसांच्या आसपास आलं. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणून वाटतो त्याच्या दीडपट वेळ धरा आणि दिवसातला निदान एक तास कशालाच न बांधता मोकळा ठेवा. अचानक आलेलं काम त्या तासात जाईल, झोपेच्या वाट्याला जाणार नाही.

झोपेबद्दल माझं मत ठाम आहे. प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात. पहाटे उठून दिवस जिंकण्याचे सल्ले, रात्री बाराला झोपणाऱ्याने मनावर घेतले तर आठवडाभरात तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. यादीतलं एक काम उद्यावर ढकला आणि झोपा.

सातवी पायरी: टिकवणं

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सगळं फिसकटतं: ताप येतो, पाहुणे येतात किंवा काहीच न होता नुसतं नको वाटतं. बहुतेक जण इथे सोडून देतात. 'एक दिवस गेला, आता काय अर्थ आहे' असं वाटतं म्हणून.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय लागायला किती वेळ लागतो हे तपासलं. २०१० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात तो साधारण ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यामुळे सवय २१ दिवसांत लागते असं जे सर्रास ऐकू येतं, तसं झालं नाही म्हणून निराश होण्याचं कारण नाही. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हेही त्यातच दिसलं.

वाईट दिवसासाठी प्रत्येक सवयीचं एक किमान रूप आधीच ठरवून ठेवा. अर्ध्या तासाच्या चालण्याचं किमान रूप: दारापर्यंत जाऊन येणं. अभ्यासाचं: एक परिच्छेद. आणि चुकलेल्या दिवसाबद्दल स्वतःला झोडपू नका. त्याचा उपयोग होत नाही म्हणून सांगते. मायकल वोल आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली.

रात्री झालेल्या गोष्टींची दोन ओळींत नोंद करा. आठवड्यातून एकदा ती वाचा आणि मूळ यादी पुन्हा छाटा, कारण ती वाढतच राहते.

हे सगळं करूनही एखाद्या कामात मन अजिबात लागत नसेल, तर ते काम खरंच तुमचं आहे का ते बघा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असल्याची जाणीव, ते काम जमत असल्याची जाणीव, आणि आपल्या माणसांची सोबत. यातलं काय कमी आहे ते शोधा. निवड आपली नसेल तर निदान करण्याची वेळ आणि पद्धत आपण ठरवावी. जमत नसेल तर कोणाकडून तरी शिकून घ्यावं. एकटं पडल्यासारखं वाटत असेल तर एखाद्या मैत्रिणीसोबत व्हिडिओ कॉल लावून दोघींनी आपापलं काम करत बसावं. न बोलताही फरक पडतो.

कधी या पायऱ्या पुरत नाहीत

दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास किंवा रिकामं वाटत असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. सततच्या थकव्यामागे थायरॉइड, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील तर आठवडाभर थांबू नका. आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर 'तसं काही विशेष नाही' असं तोंडून निघून जातं. म्हणून चार गोष्टी लिहून न्या: हे कधीपासून आहे, रात्री किती तास झोप होते, पूर्वी सहज करत होतात असं आता काय बंद पडलंय, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत. अपॉइंटमेंटसाठी फोन करणंही जड वाटत असेल तर तो जवळच्या माणसाला करायला सांगा.